खाजेची ट्यूब आणि दहावीतलं तोंड

आमच्या मारेगावच्या घरात बेसिनवर टूथपेस्टच्या शेजारी आणखी एक ट्यूब कायम पडलेली असायची. खाजेची. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी दिवसभर कपाशीत राबलं की मांड्यांना, कमरेला जी खाज सुटते, तिच्यासाठी नवऱ्याने आणलेली. कोणत्या डॉक्टरने लिहून दिली, असं विचारू नका. मेडिकलवाल्याला सांगितलं, त्याने काढून दिली. पण घरात आलेली वस्तू एकाच कामाला वापरायची आमच्यात पद्धत नाही. डास चावला, लाव ट्यूब. मान काळवंडली, लाव ट्यूब. नवऱ्याने ती एकदा बैलाच्या खांद्यालाही चोळली. बैलाने तक्रार केली नाही, एवढ्यावर औषध गुणकारी ठरलं.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी दहावीसाठी माझ्याकडे राहते, कारण झरी जामणीकडच्या तिच्या गावाहून रोज येणं-जाणं जमण्यासारखं नाही. पोरगी खो-खोची कर्णधार. यंदा तालुक्याचे सामने जवळ आले आणि हिच्या गालांवर पुटकुळ्या उठल्या.

लगेच गल्लीतल्या बायांना कंठ फुटला. एक म्हणाली शेंगदाणे बंद करा, दुसरी म्हणाली पोट साफ नाही, तिसरी वाटीत लिंबू-बेसन घेऊन दारात हजर. पोरगी मोबाईलमध्ये बघून तांदळाचं पाणी, टूथपेस्ट, कोरफड असं सगळं थापत होती. मी म्हटलं, "बाई, तोंड आहे की भाजी? फोडणी तेवढी द्यायची राहिली."

मग अचानक तिचा चेहरा आरशासारखा साफ झाला. मी खूश. श्रेय मी माझ्या ओरडण्याला देऊन टाकलं. पण पुढे एका दुपारी ती शाळेतून आली ती तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडेचना. मीच ओढून काढला. गाल लालभडक, त्यावर बारीक पुळ्यांचं पीक, आणि वारा लागला तरी आग. "काय लावलंस?" म्हटलं. तिने बेसनाकडे नाही, बेसिनकडे बोट दाखवलं.

यवतमाळला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी ट्यूब बघितली आणि झापलं मला. त्यात स्टेरॉइड असतं म्हणे. आधी चेहरा चकचकीत करतं, मग चामडी नाजूक होते, आणि ट्यूब सोडली की दुप्पट भडकते. तरी सोडायचीच. काही आठवडे त्रास होईल, तो काढायचा. सौम्य साबणाने सकाळ-संध्याकाळ तोंड धुवायचं, साधं मॉइश्चरायझर, उन्हात जाताना सनस्क्रीन, त्यांनी दिलेलं औषध, आणि पुटकुळ्यांना नखं लावायची नाहीत. मी विचारलं, "एवढंच?" त्या म्हणाल्या, "एवढंच. बाकी हात बांधून बसा." हात बांधून बसणं आमच्या खानदानात कुणाला जमलेलं नाही.

घरी येऊन आधी ट्यूब कचऱ्यात टाकली. नवरा कळवळला, "अन् माह्यी खाज?" म्हटलं, तुम्हीही डॉक्टरकडे जा.

खरी पंचाईत सामन्यांची होती. एक बोट ट्यूब लावली की मैदानात साफ चेहरा. हे तिलाही माहीत होतं, मलाही. ती म्हणाली, "स्कार्फ बांधून पळता येते काय? मी जातच नाही." मी भांडले, मग मोरीत जाऊन रडले. इतकी पळणारी पोर गालांपायी घरात बसणार, हे मला सहन होत नव्हतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी बहीण आली. पर्समधून काढलं काय? नवी कोरी ट्यूब! "दोनच दिवस लाव वो. फोटो निघते. लोकं काय म्हणतीन?"

मी तोंड उघडणार होते, पण आयुष्यात पहिल्यांदा हात बांधून बसले. पोरीने ट्यूब हातात घेतली, टोपण उघडलं, बंद केलं. मग आईला परत दिली. "हे लावलं तं उद्या चांगलं दिसन, अन् मंग पुन्हा जळन. मले नाही लावाचं."

"मंग खेळत नाहीस?"

"खेळतो ना. कायले नाही खेळाचं?"

मैदानावर एक काकू मोठ्याने विचारत्या झाल्या, "पोरी, तोंडाले काय झालं वो?" आमची पोरगी बुटाची नाडी बांधत म्हणाली, "पुटकुळ्या हायेत काकू. तुमच्या घरी नाही येऊन राह्यल्या." मी टाळीच वाजवणार होते.

शेवटचा सामना आम्ही हरलो. पण ती अशी पळाली की माझा घसा बसला.

संध्याकाळी बहिणीने संघाचा फोटो स्टेटसला टाकला. मोबाईलने सगळ्या पोरी पिठात बुडवून काढल्यासारख्या पांढऱ्या केलेल्या. पोरीने बघितलं. "आई, यात मी दिसूनच नाही राह्यली."

"ही काय, मधात तं उभी हायेस."

"ते मी नाही. खरा टाक."

बहिणीने तो काढला आणि खरा टाकला. लाल गाल, घामेजलेले केस, सगळे दात बाहेर. मग पोरगी आत गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, "ताई, दहावीत माह्यंही तोंड असंच झालं होतं. म्हणून शाळेत जाणं सोडलं मी."

इतकी वर्षं घरातले आम्ही सगळे समजत होतो, तिला गणित जमलं नाही.