उजवीकडून दुसरी

लग्न होऊन मी रत्नागिरीला आले तेव्हा माझ्या गळ्यात दोन गोष्टी पडल्या. एक मंगळसूत्र आणि दुसरी माझी सवत. सवत मेलेली होती, म्हणून काही तिचं ओझं कमी नव्हतं.

बिजवराला दिलेल्या मुलीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, अशी तेव्हा रीत होती. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. जेवताना पहिला घास तिला दाखवायचा. ती खूश तर घर खूश. पण सोनारानं करून आणलेला टाक सासूबाईंनी बोटांनी चाचपला आणि परत पाठवला.

"ही कोण भवानी? हिला ना नाक, ना डोळे. माझी सून अशी नव्हती हो!"

पहिली सून त्यांनी स्वतः पारखून आपल्या माहेरगावाहून आणलेली होती आणि तिच्यावर त्यांचा फार जीव होता. पहिल्याच बाळंतपणात ती गेली. तिच्यासाठी रडून रडून आपले डोळे गेले असं त्या सांगत. डॉक्टर मोतीबिंदू म्हणत होते. मी आले तेव्हा त्यांना माणूस समोर उभं आहे एवढं कळे, चेहरा दिसत नसे. त्यांनी ट्रंकेच्या तळातून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. घरातल्या कुठल्याशा मुंजीत काढलेला. सहा बायका ओळीनं उभ्या, सगळ्यांच्या नाकात नथ, सगळ्यांच्या डोक्यावर पदर आणि सगळ्यांच्या तोंडावर फोटोवाल्याचा धाक. कडा वाळवीनं खाल्लेल्या.

"उजवीकडून दुसरी ती. तिचा चेहरा कापून घे आणि टाकासारखा बसव. घड्याळजीची मुलगी ना तू?"

होते खरी. राजापूरच्या बाजारात वडिलांचं चिमुकलं दुकान होतं आणि बारीक स्क्रू उचलायला माझी बोटं त्यांना बरी पडत. सासरी येताना त्यांनी माझ्या लुगड्यांखाली एक चिमटा, एक कानस आणि बंद पडलेलं एक बायकी घड्याळ घालून दिलं होतं. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सवतीसाठी, हे मात्र त्यांच्या मनात नक्कीच नव्हतं.

मी त्या घड्याळाचं पोट रिकामं केलं. फोटो वाफेवर धरून पुठ्ठ्यापासून सोडवला. मग तो समोर धरून उजवीकडून मोजलं, एक, दोन. गोल चेहऱ्याची, हनुवटीवर गोंदणाचा ठिपका असलेली बाई निघाली. घड्याळाची तबकडी तिच्या तोंडावर ठेवून त्या मापानं कापलं आणि खळ लावून तबकडीवरच चिकटवलं. बाराच्या बारा आकडे तिच्या मागे गेले. वर घड्याळाची काच बसवली, पावसाळ्याची दमट हवा आत जाऊ नये म्हणून कडेनं लाख फिरवली. उरलेल्या पाचजणी वाळवीसकट चुलीत घातल्या. काम सुबक झालं होतं. स्वतःला बांधायचा दोर मीच इतका छान वळला, याचा मला त्या दिवशी चक्क अभिमान वाटला.

त्यानंतर रोज दुपारी सासूबाई मला जवळ बोलावत. माझ्या गळ्यातल्या काचेवर अंगठा फिरवत, मऊ भाताचा घास तिच्यापुढे धरत आणि म्हणत, "जेव गो बाय." मी ओणवी होऊन उभी. घास माझ्या तोंडापासून वीतभर लांब आणि मला भूक लागलेली. मी जेवले का, हे त्या घरात कुणी विचारल्याचं आठवत नाही.

माझं काम बघून आळीतल्या बायका येऊ लागल्या. कुणाचा नवरा मुंबईला गिरणीत, कुणाचा मुलगा देवीच्या साथीत गेलेला. खाडीपलीकडची एक बाई तिच्या बोटीवरच्या नवऱ्याचा फोटो घेऊन आली होती. जुन्या घड्याळाचं घर, अत्तराच्या डबीचं झाकण, तुटक्या आरशाची काच, जे मिळेल त्यात मी माणसं बसवून दिली. त्या बायका आपलं माणूस छातीशी धरून हसत घरी जात. मला त्यांचा हेवा वाटे. त्यांच्या गळ्यात त्यांना हवं ते माणूस होतं.

मला मुलगा झाला. अकरा महिन्यांचा असताना वैशाखात असा उकाडा झाला की माझ्या गळ्याभर घामोळं उठलं. पाजायला घेतलं की धातूचा चटका बाळाच्या गालाला बसे आणि ते रडे. एक दिवस, फक्त एकच दिवस, मी ते घड्याळ गळ्यातून काढून खुंटीला लावलं. चौथ्या दिवशी बाळाला ताप भरला आणि आठवड्यात ते गेलं.

सासूबाई ओरडल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "काढलंस ना तिला?"

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ते तीन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. मी घड्याळ पुन्हा गळ्यात घातलं आणि त्यानंतर अंघोळीलाही उतरवलं नाही. पोटी पुन्हा मूल राहिलं नाही, तेही तिच्याच रागामुळे, असं घरात सगळे धरून चालले आणि मीही. आरशात बघितलं की आधी ती दिसे. मी तिला म्हणे, घेतलास ना माझा मुलगा, आता तरी सोड.

अशी नऊ वर्षं गेली. मग एका दिवाळीनंतर माझी चुलत नणंद माहेरपणाला आली. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याबरोबर नागपूरला होती, मी तिला कधी पाहिलं नव्हतं. परसात विहिरीवर आम्ही दोघी भांडी घासत होतो. मी वाकले तसं गळ्यातलं घड्याळ पदराबाहेर आलं. तिनं राखेचे हात तसेच ठेवून निरखून पाहिलं.

"अगो वहिनी, ही तर मी!"

मी तिच्या हनुवटीकडे पाहिलं. ठिपका होता.

"वन्सं, उजवीकडून दुसरी म्हणाल्या होत्या सासूबाई..."

ती आधी खो खो हसली. मग हसता हसता थांबली. "काकू मधे उभी होती त्या फोटोत. तिच्या उजव्या हाताकडून मोजून सांगितलीन तुला. तू फोटो समोर धरून उलटं मोजलंस." मग तिला भीती वाटली. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझं पान वाढताय? मी जिवंत आहे गो! काढ मला त्यातून आधी."

मी विहिरीच्या काठावर बसले. माझ्या सवतीला मी चुलीत घातलं होतं, तिचा चेहरा आता कुठेच उरला नव्हता. पण मला तेव्हा तिचं वाईट वाटलं नाही. मला एवढंच कळलं की खुंटीला त्या दिवशी ती लटकलेली नव्हती. मी कुणालाच काढून ठेवलं नव्हतं. माझं बाळ तापानं गेलं, जशी तेव्हा घरोघरची जात. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्यासाठी मोठ्यानं रडले.

दुपारी हे ओटीवर सुपारी कातरत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, दचकतील, आईला जाऊन सांगतील.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी ओळखलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"आईला काय वाटलं असतं?"

"आणि बाळ गेलं तेव्हा?"

अडकित्ता जरासा थांबला. "तेव्हा तर आईला आणखीच वाटलं असतं," ते म्हणाले आणि पुढची सुपारी घेतली.

त्या माणसाबरोबर मी पुढे एकवीस वर्षं संसार केला. दुसरीकडे जाणार कुठे? वडील वारले होते, दुकानाच्या जागी कापडवाला बसला होता. पण त्या दुपारनंतर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

संध्याकाळी मी चिमटा घेऊन लाख फोडली आणि वन्संना त्यांचा चेहरा परत दिला. माझ्या बाळाचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. ट्रंकेत त्याची कुंची होती आणि तिच्या काठावर काजळाचा एक डाग, मी तीट लावताना त्यानं मान फिरवली तेव्हाचा. तबकडी त्या डागावर ठेवून त्या मापानं कापलं. वर काच बसवली, कडेनं लाख फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी नेहमीसारखी हाक मारली. काच तीच होती. त्यांनी अंगठा फिरवला, घास पुढे धरला आणि म्हणाल्या, "जेव गो बाय."

मी आपणहून पुढे वाकले. भाताची वाफ काचेवर धरत होती.

"जरा निववून द्या," मी म्हटलं.

सासूबाईंनी घासावर फुंकर घातली.