ओ मिळाल्याशिवाय

परळच्या आमच्या हॉस्पिटलात औषधांच्या स्टोअरवर राणेबाई होत्या. त्या मशीनशी बोलायच्या. मोबाइलपेक्षा जरा जाडजूड असं ते हातातलं मशीन. खोक्यावरच्या बारकोडच्या पट्ट्यांवर धरलं की टीं व्हायचं आणि नोंद वायरशिवाय वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरला जायची. टीं झालं की आम्ही पुढच्या खोक्याला हात घालायचो. बाई मात्र चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन डोळ्यांजवळ न्यायच्या आणि म्हणायच्या, "ओ दी गो बाय."

मी थट्टा करायचो. "बाई, रेंजच्या काड्या फुल आहेत की. थांबताय कशाला?"

"तू चाळीत राहिला नाहीस, तुला नाय कळायचं." बाईंचा जन्म लालबागच्या चाळीत गेलेला. "खालून आईला हाक मारलीस, पहिल्या मजल्यावरच्या वैनींनी ओ दिली. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर आईला कळलं? वैनी हातातलं सोडून वर सांगायला जातील तेव्हा खरं. काड्या म्हणजे त्या वैनी. भिंतीवरचा तो वायफायचा डबा आपल्याला ओळखतो, एवढंच. पुढचं तो बाण सांगतो."

काड्यांशेजारी एक बारीक बाण होता. तो फिरत राहिला की नोंद अजून मशीनच्याच पोटात. शिकवायला आलेल्या माणसाने हे आम्हा सगळ्यांनाच सांगितलं होतं, पण बाईंनी ते मनावर घेतलं. बाई हट्टी, आणि तोंडाने फटकळ. मला त्या फार आवडायच्या.

एका दुपारी रक्तस्राव थांबवायच्या इंजेक्शनच्या शेवटच्या सहा कुप्या त्यांनी ऑपरेशन थिएटरला दिल्या. टीं झालं, काड्या भरलेल्या, बाण मात्र फिरतच राहिला. बाईंनी तडक प्रसूती विभागाला फोन लावला.

"सिस्टर, ते इंजेक्शन स्टोअरमध्ये संपलंय. कोणाला लागणार असेल तर आत्ताच बाहेरून मागवून ठेवा."

"पण आमच्या कंप्युटरवर सहा दिसतायत, बाई."

"दिसू देत. मी फ्रिजसमोर उभी आहे. आत नुसता दिवा जळतोय."

नायगावची एक बाई तेव्हा अडली होती. सिस्टरनी तिच्या नवऱ्याला लगेच औषधाच्या दुकानात पिटाळलं. तो बर्फाच्या पिशवीत इंजेक्शन घेऊन परतला तेव्हा बाळ झालं होतं आणि आईचं रक्त थांबत नव्हतं. कंप्युटरवरच्या आकड्याच्या भरवशावर राहिलो असतो तर ती हाती लागली नसती, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

दोन दिवसांनी तिचा नवरा पेढे घेऊन स्टोअरच्या खिडकीशी आला आणि त्याने हात जोडले. बाईंनी पेढा तोंडात टाकला.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"आणि आई? उठून बसते?"

"बसते. मुलीला पाजतेय आता."

बाईंनी पदराने डोळे पुसले. मग कधी न लागलेलं कुलूप ड्रॉवरमधून शोधून काढलं आणि मला म्हणाल्या, "चल रे, तू पण." औषधं न्यायला आलेल्या वॉर्डातल्या मावशी खिडकीशी खोळंबल्या होत्या. त्यांच्यादेखत बाईंनी ड्युटीच्या वेळात खिडकी ओढून घेतली.

"थांबा जरा," त्यांना म्हणाल्या, "बाळ बघून येते."