रबराच्या खुणेपर्यंत

दुकानात सगळे त्यांना बरणीकाकू म्हणत. तसं तिथे प्रत्येक जणच बरण्या घेऊन येई. बांधलेलं पुडकं त्या दुकानात औषधालाही मिळत नसे. भिंतीला लागून लाकडी पेट्या आणि पेटीच्या तोंडाशी एक पट्टी. आधी रिकामी बरणी काट्यावर ठेवायची, तिचं वजन बुडाशी खडूनं लिहून घ्यायचं, मग पट्टी ओढली की तांदूळ म्हणा, मसूर म्हणा, सरसर बरणीत. काकूंच्या बरण्यांना मात्र मधेच कुठेतरी एकेक रबर चढवलेलं असे, कुणाला जरा वर, कुणाला पार खाली. दाणे रबरापाशी आले की काकू पट्टी सोडत. एका माणसाला पुढच्या खेपेपर्यंत पुरेल, तेवढंच.

नवरा होता तेव्हा ही रबरं बरीच वर होती. तो गेल्यावरही काकू सवयीनं दोघांच्या मापानं भरत राहिल्या आणि मसुरात किडे झाले. मग एका दुपारी ओट्याशी उभं राहून त्यांनी एकेक रबर खाली सरकवलं. तो गेला त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या एवढ्या त्या दुपारी रडल्या. पण त्यानंतर घरातला एक दाणा वाया गेला नाही.

मुलाला हे पाहवत नसे. "आई, चिमणीसुद्धा याहून जास्त खाते गं," तो म्हणे. त्याच्या मते एकटेपणामुळे आईचा हात आखडला होता. त्यानं आणि सुनेनं त्यांच्या घरातली एक खोली आईसाठी रिकामी करून, रंगवूनसुद्धा ठेवली होती. काकूंना खोली आवडली होती. राहायला जायचं नव्हतं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं तोवर त्या आपल्या मर्जीच्या मालकीण होत्या, आणि ते सोडायचा विषय निघाला की त्यांना नेमकं कपाट आवरायला सुचे.

त्या दिवशी पिशव्या उचलायच्या निमित्तानं मुलगा दुकानात बरोबर आला. काकू भांड्यांचा साबण भरून घ्यायला मागच्या बाजूला गेल्या. परत येऊन पाहतात तो काय, सगळ्या बरण्या काठोकाठ भरलेल्या आणि रबरांचा छोटासा ढीग टेबलावर.

"रबरं कुणी काढली?"

"मी. झाकणांची ना ती? घसरून खाली आली होती सगळी." मुलगा खुशीत होता. "बघ तरी, बरण्या कशा भरल्या घरातल्या वाटतायत!"

काकूंनी कपाळाला हात लावला. काट्यापाशी बसणारी मुलगी हळूच म्हणाली, "काकू, बरणीत पडलेलं पेटीत परत घेता येत नाही हं."

"मला सांगतेस? या दाढीवाल्यांना मागे पेटीत परत ओतताना कोण ओरडलं होतं?"

रांगेतले दाढीवाले गृहस्थ कसनुसं हसले.

"परत कशाला द्यायचंय?" मुलगा म्हणाला. "आमच्याकडे आलीस की हे चार दिवसांत संपेल. पुढच्या महिन्यात घर सोडतेयस, असं मी घरमालकांशी बोललोय."

"बोललायस?"

"म्हणजे... कानावर घातलंय फक्त."

"माझ्या कानावर कधी घालणार होतास?"

मुलगा पिशवीच्या बंदाशी चाळा करू लागला. काकूंनी पदर खोचला, एक पाऊल मागे सरकल्या आणि मान ताठ केली. त्यांची सगळी नोकरी बस आगारात गाड्या पुकारण्यात गेली होती, हे दुकानात कुणाला माहीत नव्हतं. पुढच्या क्षणी ते सगळ्यांना कळलं.

"कृपया लक्ष द्या! मसूर, तांदूळ आणि ओट्स काट्याजवळच्या टेबलावर उभे आहेत. स्वच्छ धुतलेल्या बरण्या, आत्ता भरलेला माल. ज्यांना हवंय त्यांनी आपापली भांडी घेऊन पुढे यावं. ढकलाढकली करू नये!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मग कुणीतरी खुदकन हसलं आणि डबे पुढे येऊ लागले.

"गाडी वेळेवर आहे ना, काकू?" दाढीवाल्यांनी विचारलं.

"गाडी वेळेवरच असते. प्रवासी उशिरा येतात. धरा भांडं नीट."

काट्यापाशी बसलेल्या मुलीनं घाबरून दुकानाच्या मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या पेटी पुसत म्हणाल्या, "बरणीतून पेटीत घालायचं नाही, एवढाच आपला नियम. बरणीतून बरणीत घालायला कुणी अडवलंय?"

"आई, लोक बघतायत," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

"बघू देत की. पळवतेय थोडीच?"

रबरं परत चढवायची गरज नव्हती. कुठे थांबायचं ते हाताला पाठ होतं. काकूंनी मसूर ओतला, तांदूळ ओतला, एका बाईच्या नाजूकशा डब्यात ओट्स दाबून बसवले. कॉफीच्या बरणीकडे तिचा हात वळला तसा मात्र त्यांनी तो अडवला. "अंहं, ती राहू दे. ती भरलेलीच बरी."

आपल्या वाट्याचं वजन करून, पैसे देऊन त्या बाहेर पडल्या. मुलानं पिशव्या घ्यायला हात पुढे केला. काकूंनी दिल्या नाहीत.

"आधी घरमालकांना फोन लाव."

"आत्ता? इथे रस्त्यावर?"

"आत्ता. माझ्यासमोर."

"आई, तू एकटी असतेस. कधी काही झालं तर?"

"तर तुलाच बोलावीन, शेजाऱ्याला नाही. तुझ्या घरी येईन, जेवीन, चार दिवस राहीनसुद्धा. पण माझ्या घराला कुलूप लावून येईन आणि किल्ली माझ्याकडे राहील. लाव फोन."

पिशव्यांचे बंद बोटांत रुतत होते, तरी काकू हलल्या नाहीत. शेवटी मुलानं फोन कानाला लावला.

"हं, नमस्कार... नाही, ते घराचं... आई राहतेय. हो, तिथेच. नाही, पुढच्या महिन्यातही नाही सोडत."

"पुढच्या वर्षीही नाही," काकू म्हणाल्या.

मुलानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी भुवया उंचावल्या.

"पुढच्या वर्षीही नाही," मुलगा फोनवर म्हणाला.