एकोणीस पोहरे टाकून विसावा

वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार. सकाळची न्याहारी उरकून मी चिंच आणि राख घेऊन तांब्याचे हंडे घासायला बसले होते. साल अठ्ठावीस की एकोणतीस, ते आता सांगता येणार नाही. तिथी लक्षात राहिली ती संकष्टीमुळे, आणि संकष्टी लक्षात राहिली ती साबुदाण्यामुळे.

दुसरा हंडा पालथा घालते आहे तोच शेजारची अक्का दारात येऊन उभी राहिली. अक्का विणकरांच्या घरातली. घरात दोन माग, आपसात बोलणे तेलुगू आणि आमच्याशी मराठी, तीही खास सोलापूरची. तिची सून पहिलटकरीण होती, दिवस भरत आलेले. त्यामुळे अक्काचा मुक्काम हल्ली घरात कमी आणि आमच्या दारात जास्त असे. सुनेच्या प्रत्येक उचकीचा अर्थ ती मला विचारायला यायची.

"बाई, मागल्या गल्लीत दोघं गेले," ती म्हणाली. "पटकी."

"दवंडी ऐकली ना?"

"ऐकली की. विहिरीचं पाणी पिऊ नका, नळाचं प्या. विहिरीत लाल औषध टाकून गेलेत. जांभळाच्या रसावानी दिसायलंय पाणी."

"मग प्या नळाचं. सुनेला तर आजपासून विहिरीचा थेंब देऊ नका."

अक्का उंबऱ्यावर टेकली. पदराने तोंड पुसले आणि अगदी सावकाश म्हणाली, "आणि तुमचे मालक?"

मी हंडा घासत राहिले. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते, पण ते द्यायची मला मनाई होती.

आमचे हे नळखात्यात कारकून. गावातून पाण्याबद्दल तक्रारी येत, पाणी गढूळ आहे, पाण्याला वास आहे, नळातून अळी आली, त्यांना उत्तर लिहिण्याचे काम यांच्याकडे. अक्षर मोत्यासारखे. 'पाणी तपासले असता पिण्यास योग्य असल्याचे आढळले' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा लिहिले होते की झोपेत विचारले तरी पूर्णविरामासकट सांगितले असते. आणि हाच गृहस्थ रोज पहाटे खांद्यावर दोर टाकून, हातात तांब्या घेऊन, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत कोपऱ्यावरचा नळ ओलांडून विहिरीवर जात असे. तिथे वीस पोहरे शेंदायचे. एकोणीस जनावरांच्या डोणीत ओतायचे आणि विसाव्यातले तांब्याभर पाणी उभ्याउभ्या गटगट प्यायचे.

गल्लीने यावरून जो अर्थ काढायचा तो काढलाच होता. नळखात्याचा माणूस नळाचे पाणी पीत नाही, म्हणजे त्यात काय असते ते त्याला ठाऊक आहे. कोणी म्हणे नळाच्या आत चामड्याची चकती असते, कोणी म्हणे तळ्यात म्हैस पडली होती ती अजून काढलेली नाही. बरे, तो एकोणीस पोहरे टाकतो, म्हणजे वरचे पाणी वाईट आणि विसावे चांगले, हे काही तरी शास्त्र असणार. वर्षभरात गल्लीतली निम्मी माणसे एकोणीस पोहरे ओतून विसावा घरी न्यायला लागली होती. डोणी ओसंडून वाहायची, विहिरीभोवती गुडघाभर चिखल, आणि म्हशी मात्र सुखात.

खरी गोष्ट अशी की यांचा कोठा साफ होत नसे. लग्नापासूनचे दुखणे. वैद्यांनी सांगितले की बसून बसून आतडी आळसावली आहेत, रोज पहाटे वीस पोहरे शेंदा आणि वर तांब्याभर ताजे पाणी प्या. उपाय लागू पडला. सगळे शास्त्र एवढेच. पण हे वैद्यांकडून आले त्या दिवशी त्यांनी दार लावून मला शपथ घातली होती की हा विषय घराबाहेर जाता कामा नये. घरातसुद्धा ते त्याला 'तो विषय'च म्हणत.

मी अक्काला म्हटले, "त्यांचं सोडा. आमच्या घरात स्वयंपाकाला, चहाला, प्यायला नळाचंच पाणी असतं. तुरीची डाळ नळाच्या पाण्यात कशी लोण्यासारखी शिजते ते तुम्हीच बघितलंय. विहिरीच्या पाण्यात दोन घटका उकळली तरी दाणा दाणा वेगळा."

"शिजतीया ती, खरं हाय," अक्का म्हणाली. "शिजल्यावर पाण्याचा गुण जातोय. मालक कच्चं पितेत का?"

एवढे बोलून ती उठली. या बाईला वकील करायला हवे होते.

संध्याकाळी हे घरी आले ते घाबरेघुबरे होऊन. साहेबांनी हुकूम काढला होता: खात्यातल्या प्रत्येकाने आपापल्या गल्लीत लोकांना समजावून नळाच्या पाण्यावर आणावे. मी वाढलेली साबुदाण्याची खिचडी यांनी दोन वेळा मागून खाल्ली. काळजीत असले की त्यांची भूक वाढते. मग कोट-टोपी घालून ओट्यावर उभे राहिले. दहा-पंधरा बायका, सात-आठ बाप्ये जमले. यांनी छापील पत्रक वाचून दाखवले. वाचन उत्तम झाले. 'सूक्ष्म जंतू' हा शब्द आला तेव्हा लोकांनी माना डोलावल्या.

वाचून झाल्यावर अक्काने विचारले, "रावसाहेब, तुमी कुठलं पितासा?"

हे गडबडले. मी दाराआडून हातवारे करत होते, 'नळाचं म्हणा, नळाचं'. पण यांचा स्वभाव खोटे न बोलण्याचा, आणि खरे न सांगण्याचाही.

"मी... मी विहिरीचं घेतो. पण ते वेगळ्या कारणानं. माझ्या प्रकृतीला ते मानवतं."

झाले. एवढा वेळ जंतूंवर डोलणाऱ्या माना एकदम स्थिर झाल्या.

"प्रकृतीला मानवतं म्हणे," कोणीतरी मागच्याला सांगितले.

"मग आमच्या प्रकृतीनं काय घोडं मारलंय?" मागच्याने विचारले.

"आणि लाल औषध?" एका म्हाताऱ्याने शंका काढली.

"एकोणीस टाकायचे की," अक्का म्हणाली. "विसावा निवळ येतोय. रावसाहेब टाकत्यातच न्हवं?"

पाच मिनिटांत ओटा रिकामा झाला. हे आत येऊन पाटावर बसले. "पत्रक नीट वाचलं ना मी?" त्यांनी विचारले.

"वाचलंत. आता उद्यापासून विहिरीवर जाऊ नका. तुम्ही तिथं दिसलात की गल्ली तिथं जाणार. आणि त्या पाण्याचा थेंबही घशाखाली उतरवायचा नाही. उगीच आपल्याच घरात पटकी यायची."

"मग माझा तो विषय?"

"तो विषय चार दिवस थांबेल. पटकी थांबत नाही."

मंगळवारी पहाटे हे घरात राहिले. बुधवारीही राहिले. गल्लीने त्याचाही अर्थ लावला: रावसाहेबांनी बहुतेक आधीच भरून ठेवले आहे. अक्काची सून अवघडलेल्या अंगाने ओट्यावर बसून पोहरे मोजत होती, नवरा किती ओततो ते. मी तिला हाक मारून नळाचे पाणी उकळून थंड केलेला तांब्या दिला. तिने तो घेतला, हसली आणि मी पाठ फिरवताच तुळशीला घातला. तुळशीबद्दल माझी तक्रार नव्हती.

इकडे घरात साबुदाणा आपले काम करत होता. बुधवारी दुपारी हे ऑफिसातून लवकर आले. जेवले नाहीत. फेऱ्या मारत होते. चेहरा असा की जणू एखादी मोठी तक्रार आली आहे आणि उत्तराचे वाक्य सापडत नाही.

"एरंडेल देऊ?" मी विचारले.

"हळू बोल! भिंतीपलीकडे माग थांबलाय, सगळं ऐकू जाईल."

गुरुवारी पहाटे मी चूल पेटवत असताना दाराची कडी वाजली. बाहेर येऊन बघते तर दोर खुंटीवर नव्हता. मी तशीच विहिरीकडे निघाले. वाटेत उजाडले. पाहते तर काय, आमचे हे पोहरा ओढताहेत, घामाने सदरा अंगाला चिकटला आहे आणि मागे पंधरा-वीस माणसे घागरी घेऊन रांगेत उभी आहेत. म्हातारा मोठ्याने मोजत होता, "सोळा... सतरा..." विसावा आला. यांनी तांब्या वर केला, चूळ भरली आणि थुंकली. गिळले नाही, ते मी पाहिले. पण मागच्यांना फक्त वर गेलेला तांब्या दिसला. रांगेतून समाधानाचा हुंकार आला. पाणी अजून फिकट गुलाबी होते.

मी परत फिरले. मी घरी पोचते न पोचते तोच अक्का डोक्यावर घागर घेऊन आली. तिची गती नेहमीपेक्षा दुप्पट होती.

"बाई, सुनेला कळा यायल्यात," ती म्हणाली. "सुईणीला बोलवाय माझं पोरगं गेलंय. पाणी आणलंय, विसावं."

"उकळणार ना?"

"आंघोळीचं उकळू. प्यायचं कशापायी उकळायचं? मालकांनी आत्ता पिलेलं हाय की!"

मला त्या घागरीखेरीज दुसरे काही दिसेना. कळा देणारी बाई तहानलेली असते, घटाघटा पाणी पिते, हे मी तीन बाळंतपणांनी शिकले आहे. मी शपथेचा विचार केला, असे म्हणणे खोटे होईल. मी घागरीच्या काठाला हात लावला आणि म्हटले, "अक्का, त्यांनी प्यायलं नाही, थुंकलं. आणि ते विहिरीवर पाण्यासाठी जातच नाहीत. त्यांना परसाकडे साफ होत नाही. पोहरे ओढले की होतं. वैद्यांनी सांगितलंय. वीस म्हणजे व्यायामाचा आकडा आहे, पाण्याचा नाही."

अक्काने घागर खाली उतरवली.

"एवढंच?"

"एवढंच."

"दोन वर्सं आमी एकोणीस पोहरे ओतायलोय, ते तुमच्या मालकाच्या पोटापायी?"

"होय."

अक्का आधी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, मग भिंतीला टेकली, मग हसायला लागली ते इतके की तिला डोळे पुसावे लागले. "अवो, मग आदी सांगायचं की बाई! माझ्या सासऱ्याला बी तसलंच हुतं. लाज कसली त्यात?" आणि हसता हसताच तिने घागर आमच्या दारातल्या मोरीत उपडी केली. गुलाबी पाणी मोरीतून वाहत गेले. माझ्याकडचा उकळलेल्या पाण्याचा हंडा आम्ही दोघींनी कडीला धरून तिच्या घरी नेला.

सुईण दहा वाजता आली, मुलगी दुपारी झाली. मी तिथेच होते. सून तीन तांबे पाणी प्यायली, तिन्ही नळाचे. पण त्या सकाळी अक्का बाळंतिणीच्या खोलीतून तीनदा बाहेर आली, कधी तेलाला, कधी चिंध्यांना, आणि प्रत्येक वेळी कोणा ना कोणाशी बोलून आत आली. दुपारी मी घरी परतले तेव्हा कोपऱ्यावरच्या नळापाशी भांडणे चालली होती. अशी भांडणे मी त्या नळावर कधी ऐकली नव्हती. "माझा नंबर आदी!" "तुझा हंडा बाजूला घे की!" ऐकून बरे वाटले.

संध्याकाळी हे घरी आले ते दोन्ही हात भरून. एका हातात सोनामुखीची पुडी, दुसऱ्या हातात भिजवलेल्या मनुकांची वाटी, कोटाच्या खिशात एरंडेलाची बाटली. म्हाताऱ्याने त्यांना ऐन रस्त्यात थांबवून पोट कसे चोळावे ते स्वतःच्या पोटावर करून दाखवले होते. एका बाईने लांबून ओरडून सांगितले होते, "रावसाहेब, झोपताना कोमट दूध आन् तूप!"

त्यांनी सगळे सामान पाटावर मांडले आणि माझ्याकडे पाहिले.

"किती जणांना सांगितलंस?"

"एकीलाच."

"अक्काला?"

"हो."

"म्हणजे गल्लीला."

"गल्लीलाच सांगायचं होतं. तुम्ही पत्रक वाचून एक हंडा नळावर आणला नाहीत. मी एक वाक्य बोलले."

मग त्यांनी एक मनुका तोंडात टाकली. "ऑफिसात कळेल."

"कळू दे. साहेबांना सांगा, आमची गल्ली पहिली आली."

यावर त्यांचा चेहरा जरा उजळला. उद्याच्या अहवालातले वाक्य त्यांना सुचले असावे. पण लगेच पुन्हा पडला. "आता विहिरीवर तर जाता येणार नाही. नळावर उभं राहून काय ओढायचं? मी सकाळी करू काय?"

"बघू," मी म्हटले आणि बाळंतिणीच्या घरी शेपूची भाजी पोचवायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुढचे दार लावून घेतले, जात्यात ज्वारीची मूठ टाकली आणि खुंटा त्यांच्या हातात दिला. दीड शेर ज्वारी होती. अर्ध्या शेरावर ते एकदम थांबले, खुंटा सोडला, तांब्या उचलला आणि घाईघाईने परसाकडे गेले. उरलेली ज्वारी मी दळली.