आवाज गेला की पाचावर धारण

कॉम्प्युटर शिकवणाऱ्याकडे किस्से साचतातच. पण शिकवणारा आणि शिकणारे सगळेच आंधळे असले, की त्यातले निम्मे किस्से घाबरण्याचे असतात! बीडमध्ये माझा असा क्लास आहे. पाच जुने कॉम्प्युटर, सगळ्यांवर फुकटातलं लिनक्स, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. त्याच्या आवाजावर आमचं सगळं चालतं. तो गेला की पाचावर धारण बसते.

*

लिनक्स टाकलं त्या दिवशीचीच गोष्ट. इन्स्टॉल होतानाही ते बोलतं, याचं मला कोण कौतुक! बोलता बोलता त्यानं शांतपणे विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसून टाकू का? पोरांच्या दोन वर्षांच्या नोट्स त्यात होत्या. बॅकअप घेतला होता, तरी एंटरवर बोट जाईना. शेवटी चौसाळ्याचा दत्ता मागून ओरडला, "दाबा की सर! बघत काय बसलात?"

*

एकदा अपडेट केलं आणि पाचही कॉम्प्युटर गप्प. पंखा तरी फिरतोय का, म्हणून आम्ही डब्यांवर हात ठेवून बसलो. घाम फुटला. खालच्या चहावाल्याला वर बोलावलं. डोळस माणूस, तोच सांगेल!

"काय दिसतंय?"

"काईच न्हाई. काळं हाय सगळं."

क्लास बुडाला, असंच वाटलं. तेवढ्यात तो म्हणाला, "सर, ह्याची पिन तर खालीच पडलीय. लावू का?"

अपडेटनं फक्त आवाज घालवला होता. मॉनिटर तर आम्ही आठ महिन्यांत लावलाच नव्हता!

*

शिरूर कासारची शीतल पहिल्या दिवशी आईबरोबर आली. आईनं स्क्रीन रीडरचा पुरुषी आवाज ऐकला आणि दचकली. "ह्यो बाप्या कोण? दिसंना कावून?" मशीन आहे म्हणून मी लाख सांगितलं. बाईंनी पाचही टेबलांखाली वाकून पाहिलं. जाताना मला बजावलं, "पोरीला त्याच्यापशी एकटी ठिवू नका!"

*

शीतल कशाला घाबरते, ते तिनं एकदाच सांगितलं. मागच्या हंगामात आईबापानं तिला ऊसतोडीला सोबत नेलं होतं. "दोघं फडात गेले की पाचटाच्या कोपीत मी एकटीच. कोपीला दार न्हाई, सर. पावलं ऐकू यायची. कोण आलंय ते कळायचं न्हाई."

माझ्याच अंगावर काटा आला.

यंदा सुटायचा एकच रस्ता होता. एका संस्थेत टायपिंगचं काम, राहायला होस्टेल. त्याची चाचणी आमच्याच क्लासात ठरली, आणि नेमकी ऊसतोडीची टोळी निघायच्या दिवशी.

*

संस्थेच्या मॅडम मजकूर सांगत होत्या, शीतल टाईप करत होती. खाली टोळीच्या मुकादमाचा ट्रक हॉर्नवर हॉर्न मारत होता. दारात आई शीतलचं गाठोडं घेऊन उभी.

तिसऱ्या ओळीला स्क्रीन रीडर बंद पडला. आता ही थांबणार, रडणार! पण कीबोर्डची टकटक चालूच राहिली.

संपल्यावर मॅडमनी पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं. मजकूर बरोबर होता. शेवटी त्यांनी न सांगितलेली एक ओळ होती. तीही त्यांनी ओघात वाचून टाकली.

"आवाज गेलाय. आईला कळू देऊ नका, ती मला घेऊन जाईल."

दारात गाठोडं खाली टेकल्याचा आवाज झाला. मग जिन्यातून आईची हाक ऐकू आली, खाली ट्रकपाशी उभ्या नवऱ्याला.

"आवो, मुकादमाला सांगा, गाडीत एक माणूस कमी हाय!"