कोला, अडकित्ता आणि आमचं लग्न

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा मी अजून अविवाहित होते.

म्हणजे कार्डिफच्या रजिस्ट्री ऑफिसात सह्या झाल्या होत्या, मॉर्गेज दोघांच्या नावावर होतं आणि डबे कोणी घासायचे यावरून रीतसर भांडणंही होत होती. पण माझ्या नवऱ्याच्या माणसांच्या मते हे लग्नच नव्हतं, आणि माझ्या बाबांच्या मते हा विषयच नव्हता.

नवरा ओबिन्ना. नायजेरियातला इग्बो माणूस, माझ्याच हॉस्पिटलात रेडिओग्राफर. मी फिजिओथेरपिस्ट. तो हाडांचे फोटो काढायचा आणि मी त्या हाडांना चालायला लावायचे, त्यातून जमलं. इग्बो लोकांत मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी मुलीच्या बापाच्या घरी जायचं असतं. तिथे बापाने त्यांच्यापुढे कोला ठेवायचा. कोला म्हणजे एका झाडाची कडू बी, छोट्या लिंबाएवढी, फ्रिजमध्ये ओल्या कागदात ठेवतात. त्यावर प्रार्थना होते, मग तो फोडून वाटतात. त्यानंतरच लग्नाची गोष्ट काढायची. आमच्या बाबतीत मुलीचा बाप नागपुरात, त्यामुळे सगळंच अडलेलं.

आणि बाबा फोनवर दोन वर्षं मला काय विचारत होते? थंडी किती आहे, स्वेटर घालतेस का, तिकडे फुलकोबी केवढ्याला आहे. ओबिन्नाविषयी चुकून एक शब्द नाही. फार तर "घरी सगळे ठीक?" त्या 'सगळे'मध्ये तो बिचारा दोन वर्षं उभा होता. आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे बाबांना बोलतं करणारंही कोणी नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटायचं, पण फुलकोबीचा भाव सांगून मी फोन ठेवायचे.

शेवटी बाबा तीन महिन्यांसाठी आले. आल्या आल्या एअरपोर्टवर जाहीर केलं, "हे पहिलं नि शेवटचं. या वयात पुन्हा विमानात नाही बसणार मी." पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते ते, एकदा बांध घातला की घातला. ओबिन्नाशी वागणं मात्र अत्यंत सभ्य. "मिस्टर ओबिन्ना, मीठ देता का?" मिस्टर ओबिन्ना मीठ द्यायचे आणि दोघं आपापल्या ताटात बघत जेवायचे.

ही बातमी लंडनला ओबिन्नाच्या थोरल्या काकांना लागली. अंकल ग्रेगरी. घराण्यातला या देशातला सगळ्यात वडील माणूस, त्यांचा शब्द खाली पडत नाही. त्यांचा फोन आला, "मुलीचा बाप आलाय? मग त्या दिवसापुरतं तुमचं घर हे त्याचं घर. आम्ही येतो." पण त्यांना सवड मिळाली ती बाबा परत जायच्या आधीच्या रविवारची. बुधवारचं बाबांचं विमान. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका दुपारीच.

माझ्याकडे तयारीला सहा आठवडे होते, आणि मी ज्या जोमाने कामाला लागले त्या जोमाने मी दहावीलाही लागले नव्हते. वही केली. इग्बोतले नमस्कार, आभार, या-बसा सगळं देवनागरीत लिहून काढलं. नायजेरियन सिनेमांच्या सीडी आणून पॉज करकरून रीतिभाती टिपल्या. तिसऱ्या आठवड्यात तर मी ओबिन्नालाच इग्बो संस्कृती समजावून सांगायला लागले.

"तुमच्यात ना," मी म्हणायचे, "वडीलधाऱ्यांना फार मान असतो."

"हो का?" तो म्हणायचा. (चौतीस वर्षं इग्बो असलेला माणूस!)

शुक्रवारी त्याच्या मित्राने लंडनहून चार कोला आणले. कार्डिफमध्ये तेव्हा मिळत नव्हते. ओबिन्नाने ते दुधाच्या मागे ठेवले आणि मला बजावलं, "याला हात लावायचा नाही. बायकांनी कोला फोडायचा नसतो." मी म्हटलं, "मला शिकवू नकोस, पान चौदा." वही दाखवली.

रविवारी सकाळी त्याला अर्धी शिफ्ट होती. बाबा चहा पीत बसले होते. मी विचार केला, यजमान ते आहेत, त्यांना थोडी कल्पना द्यावी. इथे माझी बुद्धी कुठे गेली होती, विचारू नका.

"बाबा, आज पाहुणे आले की त्यांच्यापुढे कोला ठेवायचा. तुमच्या हातून. तुम्ही यजमान आहात."

"कोला म्हणजे?"

सहा आठवड्यांचा अभ्यास, चाळीस पानांची वही, आणि मी उत्तर काय द्यावं? "सुपारी हो त्यांची. आपल्यासारखंच असतं सगळं."

"अस्सं," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा उत्साह दिसला. मी किती खूश झाले! आणि डोक्याला 'गेले' बांधायला वर निघून गेले. 'गेले' म्हणजे नायजेरियन बायका समारंभाला डोक्यावर बांधतात ते कडक, मोठं वस्त्र. सीडीतल्या बायका ते चार मिनिटांत बांधतात. मला पावणेदोन तास लागले. मध्ये खालून साजूक तुपाचा वास आला. मला वाटलं, बाबांना शिरा खावासा वाटला असेल.

ओबिन्ना परतला आणि पाठोपाठ दाराशी गाडी थांबली. अंकल ग्रेगरी उंच, लाल टोपी, हातात काठी. बरोबर आंटी फिलोमेना. मी वहीतल्याप्रमाणे पुढे झाले आणि दोघांपुढे दोन्ही गुडघे टेकले. 'गेले' डोळ्यांवर आलं.

"उठ बाळ, उठ," अंधारात आंटींचा आवाज आला. "हे योरुबा लोक करतात. आम्ही नाही."

(योरुबा म्हणजे नायजेरियातलाच दुसरा समाज. सिनेमे त्यांचे होते. सगळेच्या सगळे.)

अंकल मला 'यंग लेडी' म्हणाले आणि बसले. बाबा स्वयंपाकघरातून "आलोच" म्हणाले. आता कोला. ओबिन्ना फ्रिजकडे गेला आणि हातात नुसता ओला कागद घेऊन परत आला. त्याच्या मागून बाबा आले. अंगात स्वच्छ सदरा, हातात स्टीलचं ताट, ताटात तपकिरी रंगाचा बारीक चुरा. शेजारी त्यांचा पितळी अडकित्ता. अडकित्ता ते कुठेही जाताना बरोबर नेतात.

"घ्या," बाबा इंग्रजीत म्हणाले. "ताजं आहे. आजच सकाळी केलंय."

अंकलनी चष्मा लावला. "हे काय आहे?"

"कोला. ओलसर होता, म्हणून आधी कातरला आणि मग तुपावर परतला. थोडी बडीशेप, थोडं खोबरं. कडूपणा निम्म्याने गेलाय."

आंटींनी छातीवर क्रूस काढला. ओबिन्ना सोफ्याच्या दांडीवर बसला. अंकल ताटातला चुरा बोटाने इकडून तिकडे करत राहिले, एखादा तरी आख्खा निघेल म्हणून.

"बाकीचे कुठे आहेत?"

"चारी यातच आहेत," बाबा म्हणाले. "आम्ही हात आखडता घेत नाही."

मग ओबिन्नाने हळू आवाजात मला सांगितलं, आणि जे वहीच्या एकाही पानावर नव्हतं ते मला तेव्हा कळलं. कोला आख्खाच पुढे ठेवायचा. तो सगळ्यांनी बघायचा, हातोहात फिरून तो यजमानाकडे परत यायचा, मग त्यावर इग्बोतच प्रार्थना. (कोलाला इंग्रजी कळत नाही.) मग फोडायचा आणि पाकळ्या किती निघाल्या ते मोजायचं, त्यावरून शकुन बघायचा. आणि हे झाल्याशिवाय लग्नाचा 'ल' काढायचा नाही. आता परतलेल्या चुऱ्याच्या पाकळ्या कोण मोजणार?

"अंकल," ओबिन्ना म्हणाला, "तुम्ही आणलेले कोला आहेत ना गाडीत? ते घेऊन येऊ?"

"यजमानाच्या आधी पाहुण्याचा कोला?" अंकल म्हणाले. "तुझ्या आईला फोनवर काय सांगू मी?" त्यांनी काठी हातात घेतली. "रागावलो नाहीये. पण आज गोष्ट निघू शकत नाही. आम्ही पुन्हा येऊ."

पुन्हा कधी? बुधवारी बाबा जाणार, परत येणार नाहीत. मला लग्नाचा कागद नको होता, तो होताच. मला या दोन माणसांनी एकदा तरी एका खोलीत बसून 'हो' म्हणायला हवं होतं. आणि ते मी एका वाक्यात घालवलं होतं.

जाता जाता अंकल थांबले. "फोडला कोणी?"

ओबिन्नाने माझ्याकडे बघितलं. (दोन वर्षांचा संसार, आणि माणूस पहिल्यांदा बायकोवरच संशय घेतो.)

"काय झालं?" बाबांनी मला मराठीत विचारलं. "उठून काऊन चालले हे लोक?"

"बाबा, तो आधी फोडायचा नसतो. माझीच चूक, मी तुम्हाला सुपारी म्हणून सांगितलं. आता ते परत चाललेत. आता काही होणार नाही." आणि मी त्या वस्त्राच्या टोकाने डोळे पुसायला लागले, त्याने ते आणखी सुटलं.

बाबांनी ताट टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता म्हणतील, जात असतील तर जाऊ दे. पण ते अंकलपुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या ओव्हरसियरच्या इंग्रजीत, एकेक शब्द मोजून बोलले.

"मी फोडला. तुमच्याकडची रीत मला माहीत नाही. आमच्याकडे लग्न ठरलं की सुपारी फोडतात. एकदा फोडली की मुलीच्या बापाला मागे फिरता येत नाही. सकाळी अडकित्ता हातात घेतला तेव्हा मी काय फोडतोय ते मला चांगलं ठाऊक होतं. दोन वर्षं मी ती फोडली नव्हती."

मी तर आता खरीखुरी रडायला लागले. या माणसाने सकाळी साडेनऊ वाजता, मी वर आरशासमोर झटापट करत असताना, एकट्याने माझं लग्न लावून टाकलं होतं आणि कोणाला सांगितलंही नव्हतं.

अंकल परत बसले. "मुलीच्या बापाने फोडला. स्वतःच्या हाताने?"

"स्वतःच्या."

"फोडताना काही म्हणालात?"

"म्हणालो ना. गणपतीचं नाव घेतलं. हिच्या आईचं घेतलं. म्हटलं, दोघं सुखात राहू देत."

"कुठल्या भाषेत?"

"मराठीत."

अंकल आणि आंटी यांच्यात इग्बोमध्ये बरीच चर्चा झाली. त्यातलं मला एक 'पण' सोडून काही कळलं नाही. मग अंकलनी निकाल दिला, "कोलाला इंग्रजी कळत नाही हे नक्की. मराठी कळत नाही असं आमच्या वाडवडिलांनी कुठे म्हटलेलं नाही." मग पुढे वाकून, "पाकळ्या किती होत्या, ते मात्र आता गेलं."

"गेलं कसं?" बाबा दुखावले. चाळीस वर्षं मोजमापं घेतलेला माणूस. "तीन कोलांच्या चार-चार, एकाच्या पाच. अडकित्ता लावायच्या आधीच सुटून येत होत्या."

चार म्हणजे इग्बोंच्या चार दिवसांच्या आठवड्याचे चारी बाजारवार, म्हणजे शांती. पाच म्हणजे भरभराट आणि मुलंबाळं. अंकल इतके मोठ्याने हसले की शेजारची कुत्री भुंकली. त्यांनी चिमूटभर चुरा तोंडात टाकला, खूप वेळ चावला आणि म्हणाले, "देवाला चालेल. मला पाणी द्या."

मग गाडीची डिकी उघडली. कंद, पेयांच्या बाटल्या, कापडं आणि त्यांचे आख्खे कोला आत यायला लागले. बाबा दाराशी उभे राहून देखरेख करत होते. "जावईबापू, तो मोठा कंद खाली नका ठेवू, लादी ओली आहे."

ओबिन्ना पायरीवर थांबला. "काय म्हणाले ते मला?" मी सांगितलं. तो पाच किलोचा कंद छातीशी धरून तिथेच उभा राहिला, आणि मागून आंटी "सरक, सरक" करत होत्या.

मी केलेलं एगुसीचं, म्हणजे कलिंगडासारख्या फळाच्या बियांचं, सूप सगळ्यांनी खाल्लं. (त्यात थोडा गूळ घातला होता, चव यावी म्हणून. आंटींनी दोनदा विचारलं की हे गोडाचं आहे का.) अंकल आणि बाबा शेजारी शेजारी बसून नागपूर आणि ओबिन्नाचं गाव एनुगू इथल्या पाण्याच्या टंचाईवर बोलत होते. त्यांचं इतकं जमलं की मला सूप वाढायलाही मध्ये बोलता येईना.

निघताना अंकलनी आमच्याच फोनवरून, कॉलिंग कार्डाचे आकडे दाबत, एनुगूला ओबिन्नाच्या आईला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "झालं! बाप अगदी आपल्यातला आहे. कोला स्वतः फोडतो, प्रार्थना करतो, पाकळ्या मोजतो. शंभर टक्के इग्बो माणूस!"

तिकडून काहीतरी विचारलं गेलं. अंकलनी माझ्याकडे बघितलं. एका हातात चाळीस पानांची वही, डोक्यावर अर्धवट लोंबणारं वस्त्र, गुडघ्यांवर कार्पेटचे ठसे.

"मुलगी ना..." ते सांभाळून म्हणाले. "मुलगी शिकेल."

आणि माझे सख्खे वडील, जे तीन महिन्यांत इग्बोचा एक शब्दही शिकले नव्हते, अंकलपुढे हात जोडून म्हणाले, "शिकेल हो हळूहळू. स्वभावाने वाईट नाहीये. तुम्ही जरा सांभाळून घ्या."