नकली अणुकचरा

फार चांगलं काही घडलं की मला आधी शंका येते. आंबा जास्तच पिवळा दिसला की हुंगून बघते, दुकानदार फार गोड बोलला की तराजूकडे बघते. त्यामुळे यंत्राने माझ्या बाटलीतल्या पाण्यात सीझियम शून्य दाखवलं, तेव्हा आनंद व्हायच्या आधी मला घाम फुटला.

जळगावच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर केमिकल इंजिनीअरिंग शिकवत होते. जोडीला एक उद्योग मागे लावून घेतला होता. अणुभट्टीच्या सांडपाण्यातलं सीझियम काढायचं, तेही केळीच्या धाग्याने. सावद्याहून केळीची खोडं आणायची, धागे सोलायचे, त्यांवर एक निळं रसायन चढवायचं आणि ते पाण्यात सोडायचे. हे रसायन सीझियम धरून ठेवतं हे सगळ्यांना माहीत आहे. ते धाग्यावर टिकून काम करू लागलं, तर शोध माझा. खरा अणुकचरा आम्हाला कोण देणार? म्हणून किरण न सोडणाऱ्या साध्या सीझियमचं मीठ पाण्यात विरघळवून भागवायचं. त्या पाण्याला आम्ही नकली अणुकचरा म्हणायचो.

दिवाळीत कॉलेजला कुलूप लागलं, म्हणून दोन बाटल्या धुळ्याला घरी आणल्या. एकीत धागे, दुसरीत तुलनेसाठी नुसतंच ते पाणी. दोन्हींवर ठळक अक्षरांत ‘नकली अणुकचरा’ लिहून माळ्यावर ठेवल्या. सुट्टी संपल्यावर धाग्यांची बाटली आधी तपासली, आणि हे शून्य आलं.

आमचे विभागप्रमुख खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "पेटंटचा अर्ज लगेच टाकू. एकदा नाव झालं की तुम्हाला कायम करायचं मी वर बोलतो." त्यांचं हसू मला पटेना. आजवर या माणसाने मला साधा चहा विचारला नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यावरही माझा संशय गेला. त्याने मुद्दाम काही घोळ घातला असेल का? रात्री जेवण गेलं नाही. सकाळी दुसरी बाटली तपासली, जिच्यात एकही धागा नव्हता. तिच्यातही शून्य.

म्हणजे कोणीतरी पाणीच बदललं होतं. आणि तपासणीआधी दोन्ही बाटल्या माझ्या नजरेआड राहिल्या त्या फक्त आमच्या माळ्यावर.

शनिवारी धुळ्याची बस पकडली. आई परसात भांडी घासत होती. मी विचारलं, तर मानही वर न करता म्हणाली, "मीच फेकी दिधं ते पानी. नळनं भरी ठेवं."

"अगं पण का? ते नकली होतं!"

"तेच ते! अस्सल ऱ्हातं ते सरकार सांभायतं. नकली बियानं, नकली फवारा, त्यानी कोनं भलं करं? आनि तू त्यामा रोज हात घालस."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुन्हावर शे. बाटलीवर नही."

परसाच्या कोपऱ्यात तिने खड्डा करून ते पाणी ओतलं होतं. वर दगड, दगडावर बाभळीची काटेरी फांदी, कोंबड्यांनी तिथे उकरू नये म्हणून. मला संताप आला होता, पण ती फांदी बघून तो ओसरला.

सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं. अर्ज थांबला. पुन्हा पाणी बनवून तपासलं, तर धाग्यांनी अर्धंही सीझियम धरलं नाही. पुढच्या सत्रात माझे तास त्या सहकाऱ्याला गेले.

आईला कुठून तरी कुणकुण लागली. "मन्हामुये गयं का तुन्हं काम?" तिने विचारलं.

"नाही गं आई, तास तसेही कमीच होणार होते," मी म्हटलं.

आवाज जरा जास्तच गोड झाला असावा. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली, मी तराजूकडे बघते तशी.